शालनताईंच्या घरची आच

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास शालनताई निकमांच्या नव्या शेगडीवरची आच खाली उतरली आणि जिन्यानं निघून गेली. दीड वीत उंच, निळी, कडेनं किंचित पिवळी. दोन्ही हातांनी ओटी सांभाळून धरलेली, म्हणून पायऱ्या जरा बेतानं उतरत होती. शालनताईंनी तिला पाठमोरी पाहिली. हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, पण निघालेल्या बाईला मागून हाक मारत नाहीत, म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या.

आता आचेच्या हातात ओटी कुठून आली, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही.

शालनताईंनी कराडात बावीस वर्षं खानावळ चालवली. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं दोन्ही वेळा त्यांच्याकडं जेवायची. दोन बर्नरची शेगडी, एकावर तवा आणि एकावर पातेलं, त्यावर निम्म्या महाराष्ट्राचे इंजिनिअर वाढले म्हणा ना. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी खानावळ बंद केली, पण शेगडी तीच ठेवली. मग लेक, हर्षदा, पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली. आठवा महिना. आई अजून काडी ओढून गॅस पेटवते हे तिला बघवेना. तिनं विचारलंसुद्धा नाही, परस्पर चार बर्नरचा हॉब मागवला. ओट्याचा दगड कापून आत बसवतात तसला, वर काळी काच.

"आई, आता काडी नको, लायटर नको," हर्षदा म्हणाली. "नॉब दाबायचा आणि फिरवायचा. संपलं."

"बरं बाई," शालनताई म्हणाल्या. जुनी शेगडी भंगारवाला घेऊन गेला. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या खिडकीतून हलल्या नाहीत.

नवी वस्तू घरात आली की तिला हळदीकुंकू लावायचं, ही रीत. पण निकम मास्तर गेल्यापासून सहा वर्षांत शालनताईंच्या हातून कुणी कुंकू लावून घेतलं नव्हतं. संक्रांतीला सोसायटीतल्या बायका त्यांच्या दारावरून पुढं जायच्या, हातातल्या वाणाच्या पिशव्या वाजवत. त्यांना राग यायचा. बोलून दाखवत नसत, पण चांगला सणसणून यायचा. तर त्या गुरुवारी हर्षदा आंघोळीला गेली आणि शालनताईंनी कपाटातून करंडा काढला. घरात दुसरं कुणी नव्हतं. शेगडीला काही विधवा-सवाष्ण कळत नाही, असा त्यांनी विचार केला, आणि तो विचार बरोबरच होता.

त्यांनी पहिला बर्नर पेटवला. आच लागली, गोल, निळी, बघत राहावी अशी. मग त्यांनी चारी बर्नरना बोट बोट हळद लावली, बोट बोट कुंकू लावलं. बर्नरच्या शेजारी ठिणगी पाडणारी पांढरी बारीक पिन असते, तिलाही लावलं, कुणी राहायला नको म्हणून. खण, नारळ, मूठभर तांदूळ असं सगळं घेऊन ओटी भरली. फार बरं वाटलं त्यांना. सहा वर्षांनी हात त्या कामाला लागले होते. आणि त्याच जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "या हं परत."

आच उठून उभी राहिली. "येते," म्हणाली, आणि ओट्यावरून खाली उतरली.

हर्षदा केस पुसत बाहेर आली तेव्हा शालनताई हळदीकुंकू पुसून नॉब दाबून फिरवत होत्या. टक टक टक टक. ठिणगी पडत होती. गॅसचा बारीक फुसफुस आवाज येत होता. आच लागत नव्हती.

"सेल गेला असेल," हर्षदा म्हणाली.

शेगडीबरोबर एक पुस्तक आलं होतं. त्यात 'शेगडी पेटत नसल्यास' म्हणून तक्ता होता. मायलेकींनी तो ओळीनं केला. सेल बदलला. बर्नरच्या टोप्या काढून पुन्हा खाचेत बसवल्या. भोकं टाचणीनं साफ केली. पिना कोरड्या फडक्यानं पुसल्या. सिलिंडरचं बटण बंद करून चालू केलं. दुपार झाली. तक्ता संपला आणि टक टक तेवढं राहिलं. शालनताईंनी गुपचूप काडी ओढून पाहिली, तर गूल पेटायच्या ऐवजी ओलं झालं. देवघरातल्या समईची वात तशीच पांढरी राहिली. शेजारच्या पाटणकरवहिनींनी आपली विजेची शेगडी आणून दिली. तिच्यावर पाणी ठेवलं, तासाभरानं बोट घालून बघितलं. माठातलं असावं तसं होतं.

मग वहिनींनी वरणभात, भाकरी आणि थर्मासभर चहा आणला. उंबऱ्याबाहेर भाताला वाफ होती. उंबऱ्याच्या आत वहिनींचं पाऊल पडलं आणि ताटात तांदूळ खडखडले. वरणाच्या वाटीत कोरडी तूरडाळ होती, वर थोडी हळद. भाकरीचं पीठ झालं आणि वहिनींच्या साडीवर सांडलं. थर्मासमधला चहा कपात ओतला तर दूध एका कडेला, पाणी एका कडेला, पत्ती कोरडी आणि साखर तळाशी.

"बाहेर जिन्यात बसून जेवा," वहिनी म्हणाल्या. तशा त्या जेवल्या. पण जेवून घरात आल्या की पोटात कच्चे दाणे टोचायचे.

एकूण असं होतं, की त्या घरात जे जे म्हणून आचेवरून उतरलेलं होतं ते मागं फिरायला लागलं. हे शालनताईंना गुरुवारी संध्याकाळीच कळलं. चिनी मातीचे कप हातात मऊ लागले. सकाळी कपाटात सहा कपांच्या जागी सहा गोळे होते.

शुक्रवारी हर्षदाला तपासायला न्यायचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघितलं.

"तीस आठवडे," त्या म्हणाल्या. "तीसच्या मानानं वाढ छान आहे."

"काल चौतीस होते," शालनताई म्हणाल्या.

"काल चौतीस होते," डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान्य केलं. "आज तीस आहेत. उद्या पुन्हा दाखवा."

घरी आल्यावर हर्षदानं आईचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "परवा लाथ मारत होता," ती म्हणाली. "आता नुसतं बोट फिरवल्यासारखं करतो."

तीस, सव्वीस, बावीस, अठरा. शालनताईंनी मनात उतरत मोजलं आणि पुढच्या शुक्रवारपाशी येऊन थांबल्या. पुढच्या शुक्रवारी दोनच उरत होते, म्हणजे काहीच नाही.

त्यांनी लगेच बॅग भरली. लेकीला पुण्याला पोचवायचं, तिच्या सासरी गॅस नीट पेटतो. पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं म्हणून त्यांनी डिंक आणून ठेवला होता, अळीव निवडले होते, बाळंतिणीला शेक द्यायची लोखंडी शेगडी माळ्यावरून काढून घासली होती. ते सगळं त्यांनी क्षणात सोडलं. पण एसटी स्टँडपर्यंतसुद्धा पोचता आलं नाही. घरापासून जितकं लांब जावं तितका हर्षदाचा कुर्ता ढगळ व्हायला लागला. दत्त चौकात तिनं आईचं मनगट घट्ट धरलं, म्हणाली, "आई, मागं फिर." त्या फिरल्या.

कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवून झाली होती. शनिवारी अकराला मेकॅनिक आला. दिलावर मुजावर त्याचं नाव, पन्नाशीचा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. त्यानं जिन्यात चपला काढल्या, ओट्यापाशी वाकला, चारी नॉब दाबून पाहिले.

"गॅस आहे," तो म्हणाला. "ठिणगी आहे. आच नाही."

"ते मलाही दिसतंय, बाबा," शालनताई म्हणाल्या.

"कधी गेली?"

"गुरुवारी. साडेनऊला."

"चालत?"

"चालत."

त्यानं फॉर्मवर तेवढं लिहून घेतलं. मग टॉर्च काढून पिनेवर धरला. "कुंकू आहे इथं, काकू."

"पुसलं की मी."

"हे पुसून जात नाही. लावलं कधी? आच लागायच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"ओटी भरली?"

"भरली."

"आणि म्हणालात काय तिला?"

हर्षदा आईकडं बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "या हं परत म्हणाले," शालनताईंनी शेवटी सांगितलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"मग ती बिचारी काय करणार," मुजावर म्हणाला. "आच लागायच्या आधी हळदीकुंकू लावलं तर ते स्वागताचं. ती येऊन बसल्यावर लावलं, वर ओटी भरली, वर या म्हटलं, तर ते निरोपाचं. मानी असते ती. बस म्हटल्याशिवाय बसायची नाही." मुजावरांच्या घरात हळदीकुंकू नसतं, पण वीस वर्षं लोकांच्या ओट्यांपाशी वाकून राहिलं की माणसाला सगळ्यांच्या रीती कळतात.

पाटणकरवहिनी दारात उभ्या होत्याच. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "ज्यांनी लावायचं नाही, त्यांनी कशाला..."

"वहिनी, आच ते बघत नाही," मुजावर शांतपणे म्हणाला. "कुणी लावलं ते बघत नाही. कधी लावलं एवढंच बघते."

शालनताईंना त्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "गेली कुठं असेल?"

"ओटी भरून निघालेली बाई कुठं जाते? माहेरी. कराडच्या सगळ्या आचांचं माहेर एकच, नदीकाठचं गुऱ्हाळ." त्यानं फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात 'ग्राहकाने स्वतः जाऊन आणणे' असं लिहिलं आणि त्याखाली शालनताईंची सही घेतली. उठताना आधारासाठी त्यानं भिंतीला हात लावला, तर हात मनगटापर्यंत आत गेला. विटा कच्च्या व्हायला लागल्या होत्या. त्यानं हात काढून रुमालाला पुसला, आपला नंबर दिला आणि म्हणाला, "उशीर करू नका."

त्या दुपारी पाटणकरवहिनी सामान घेऊन बहिणीकडं निघून गेल्या. बाकीची बिऱ्हाडंही एकेक करून उतरली. कुणी भांडलं नाही. संध्याकाळी तीन मजल्यांच्या इमारतीत मायलेकी दोघीच राहिल्या, आणि भिंतींना ओल्या मातीचा वास येत होता.

रविवारी सकाळी त्या गुऱ्हाळावर गेल्या. गुऱ्हाळाची वाट धरल्यावर मात्र हर्षदाचा कुर्ता ढगळ झाला नाही. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता. काहिलीखाली जमिनीत खोल चुलवाण होतं, आणि त्याच्या तोंडाशी एक म्हातारी उकिडवी बसून चिपाडं आत सारत होती. तिच्या भुवया जळून गेलेल्या होत्या. चुलवाणाच्या कडेला, राखेवर पाय पसरून, शालनताईंची आच बसली होती. तिनं ओटीतला नारळ फोडून खाल्ला होता. शालनताईंना बघून तिनं पाय आवरून घेतले.

"न्यायला आलात व्हय?" म्हातारीनं वळून न बघता विचारलं.

"चुकलं माझं," शालनताई म्हणाल्या. "मी तिला घालवली नव्हती. तोंडातून गेलं."

"तोंडातनं गेलं ते गेलं. आता बाळंत झाल्याबगर मी धाडायची न्हाई. पोटुशी हाय ती. पैलटकरीण."

शालनताईंनी नीट पाहिलं. आच खरंच मध्ये फुगीर दिसत होती, आणि त्या फुगीर जागी निळ्याच्या आत अजून एक बारीक निळं होतं. बावीस वर्षं आचेपुढं उभ्या राहिलेल्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझीही पहिलटकरीण आहे," त्या म्हणाल्या, आणि हर्षदाला पुढं घेतलं. "बावीस आठवडे राहिलेत. तुमची लेक घरात नाही तर माझ्या लेकीचं उलटं चाललंय. शुक्रवारपर्यंत संपेल."

म्हातारीनं आता वळून बघितलं. हात पदराला पुसले, उठली आणि हर्षदाच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. शालनताईंच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाईचा हात लेकीच्या पोटावर होता, आणि हर्षदाचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. शालनताईंना ते सहन झालं नाही, आणि त्याच वेळी त्यांना रडूच यायला लागलं, की बरं वाटतंय गं पोरीला.

"हिला हितं ठेवा," म्हातारी म्हणाली. "चुलवाणापाशी भरंल पोट तिचं. माझी तुमी न्या. हिचं बाळंतपण मी करते, तिचं तुमी करा. लेकीला आई लागती. कंची का असंना."

"आणि माझी परत कधी येईल?"

"झाली की पाठवते. पर ध्यानात ठेवा. माझीला तुमच्या घरी काय झालं, इझली, तर हिच्या पोरालाबी हितं काय उरायचं न्हाई. एकाच आचंवर दोघी हाईत."

हर्षदा राखेवर बसली. "आई, मला इथं ठेवून जाणार तू?" तिनं विचारलं. तिचा आवाज रागाचा नव्हता. लहानपणी बालवाडीच्या दारात विचारायची तसा होता.

"तिला नेऊन बसवते आणि बघ, लगेच दार उघडून तुझी वाट बघत बसते," शालनताई म्हणाल्या. डिंक आणि अळीव त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. ते त्यांनी म्हातारीच्या हातात दिले. डिंक किती तुपात तळायचा ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आच शालनताईंच्या पदरात बसून घरी आली. पदर जळला नाही, पण जड झाला. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं आणि रस्ता बदलला नाही. घरात आल्या आल्या त्यांनी आतून कडी लावली, कारण आच एकदा दारानं गेलेली होती. मग रिकाम्या बर्नरला आधी हळदीकुंकू लावलं. त्यानंतर आचेला त्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "बस, बाळे. आपलंच घर आहे." नॉब दाबून फिरवला. टक टक, आणि आच लागली.

भिंती त्याच क्षणी कडक झाल्या. कपाटात गोळ्यांचे कप झाले, जरा वाकडे, पण कप. शालनताईंनी सुस्कारा टाकून नॉब सोडला, आणि आच विझायला लागली. त्यांनी झडप घालून परत दाबला. आच थरथरली आणि सावरली.

त्यांनी डाव्या हातानं शेजारच्या टेबलावरचा फोन ओढून मुजावरला लावला.

"सोडू नका, काकू," तो म्हणाला. "आतला सेन्सर तापेपर्यंत दाबून धरायचं असतं. मगच ती आपली आपण राहते."

"किती वेळ?"

"पुस्तकात दहा सेकंद लिहिलंय." फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. "पण पहिलटकरणीचं काही सांगता येत नाही. ती मोकळी होईपर्यंत धरा."

शालनताईंनी धरलं. रविवार गेला, सोमवार गेला. अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला, मग तो अंगठा आहे हे विसरायला झालं. आच कण्हायची तेव्हा त्या तिच्याशी बोलायच्या. श्वास घे, म्हणायच्या. दात आवळू नको. लेकीशी जे जे बोलायचं म्हणून मनात साठवलेलं होतं ते सगळं त्यांनी चार दिवसांत त्या दीड वीत बाईला सांगितलं. काही वेळा बोलताना तिला हर्षू म्हणून गेल्या. आचेनं ओ दिली.

एवढंच होतं, की स्वयंपाकघर लांब व्हायला लागलं. सोमवारी फ्रिज हाताला येईना. मंगळवारी बाहेरची खोली इतकी पुढं गेली की निकम मास्तरांच्या फोटोतला चेहरा ओळखू येईना. गुरुवारी दार एखाद्या पोस्टाच्या पाकिटाएवढं दिसत होतं. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड आत येई, तेवढा स्पष्ट होता.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली.

"आई," बाहेरून हर्षदा म्हणाली. घर एवढं लांब होतं, पण तिचा आवाज जवळ आला. "आई, मुलगी झाली. घेऊन आलेय. दार उघड."

शालनताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अंगठा नॉबवर होता, म्हणून ते तसंच गालांवरून खाली गेलं. "किती वजन भरलं?" त्यांनी विचारलं.

"पावणेतीन किलो. गुऱ्हाळावरची आजी म्हणाली, नाक तुझं आहे."

"आत येऊ नको लगेच," शालनताई ओरडल्या. "उंबऱ्यात थांब. बाळावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो."

"माहीत आहे, आई. म्हणून तर थांबलेय. ये ना तू."

त्यांनी आचेकडं बघितलं. आच कळांनी दुहेरी झाली होती. अजून सुटली नव्हती. शालनताईंनी नॉब न सोडता एक पाऊल टाकलं. हात लांबला. दुसरं टाकलं. हात आणखी लांबला. खानावळीचा हात होता तो, पुरेल असं त्यांना वाटलं. पाट्यापाशी आल्या, जुन्या टेबलापाशी आल्या, आणि मागं अंगठा नॉबवरून केसभर सरकला. आच बारीक झाली.

"आई," हर्षदा बाहेरून म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "आई, बाळ हलकं होतंय गं."

शालनताई धावत मागं आल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी नॉब दाबला. आच वर आली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"झालं जड. आता बरोबर आहे." बाहेर बाळ रडायला लागलं. चांगलं ठणठणीत रडत होतं. "काय करतेयस आत? इथं जिन्यात गार लागतंय तिला. कडी काढ ना, आई."

इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. फोन टेबलावर राहिला होता, आणि टेबल आता फार लांब होतं. आचेनं शालनताईंच्या बांगडीला घट्ट धरलं आणि मान हलवली. अजून नाही.

"दहा सेकंद थांब, बाळा," शालनताई म्हणाल्या. "फक्त दहा. मी मोजते, तू ऐक."

त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक म्हटल्यावर बाळ रडायचं थांबलं, ऐकत असल्यासारखं. पाचाला हर्षदाही बाहेरून बरोबर मोजायला लागली. दाराखालच्या उजेडात तिच्या दोन पावलांची सावली होती. सात, आठ, दोघींनी मिळून म्हटलं. नऊ. दहा.

आच तशीच कण्हत होती. शालनताईंनी अंगठे काढले नाहीत.

"आई?"

"अकरा," शालनताई एकट्याच म्हणाल्या.

दाराखालच्या उजेडात आता एकाच पावलाची सावली होती, दुसरं जिन्याकडं वळलं होतं.